तपासणीची तारीख अकरा महिन्यांनी. तोवर काय?

ओसरी | ६ सप्टेंबर, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

आम्ही अटलांटाच्या पूर्वेला डिकॅल्ब काउंटीत राहतो (‘ल’ लिहायचा, बोलायचा नाही, हे कळायला मला दोन वर्षं लागली). मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिस्टिक. तो वीस महिन्यांचा असताना मी डॉक्टरांना म्हटलं, हाक मारली की बघत नाही आणि बोट दाखवून काही मागत नाही. बाईंनी प्रश्नावली भरून घेतली आणि मी त्याला मोजे घालेपर्यंत तज्ज्ञांकडे जायचं पत्र छापून माझ्या हातात दिलं. अडीच वर्षांचा व्हायच्या आत निदान झालं होतं.

दोन घरं सोडून मिशेल राहते (नाव बदललंय). कृष्णवर्णीय, इथेच जन्मलेली, बस डेपोत रात्रपाळीला असते. तिचा मुलगा ‘जे’ आता चार वर्षांचा आहे. तो दीड वर्षांचा असताना ती त्याला घेऊन गेली आणि जवळजवळ माझेच शब्द बोलली. उत्तर मिळालं, मुलगे उशिराच बोलतात, थांबून बघू. अडीचला गेली तर टीव्ही कमी करा. तीनला पाळणाघराने ‘चावतो’ म्हणून काढून टाकलं, तेव्हा तिच्या हातात मुलांना शिस्त कशी लावावी याचं माहितीपत्रक ठेवलं. आता कुठे पत्र मिळालंय, आणि तारीख आहे अकरा महिन्यांनी.

दवाखाना तोच. माझा आणि तिचा एकच.

हे मला गेल्या मंगळवारी कळलं, दोघी कचऱ्याचे डबे रस्त्यावर लावत होतो तेव्हा. तिने सहज सांगितलं. मला मात्र डब्याचं झाकण हातात धरून काय बोलावं सुचेना.

तिच्या चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी दहा-बारा जण जमतात. सगळे कृष्णवर्णीय, कुणाचं मूल रांगेत, कुणाचं नुकतंच रांगेतून बाहेर आलेलं. मिशेल म्हणाली, तू ये ना, तुला फॉर्म भरायची सवय आहे. मी हो म्हटलं आणि तेव्हापासून झोप नाही. ज्या रांगेत मला उभंच राहावं लागलं नाही, तिथे जाऊन मी काय सांगणार? जावं का? आणि ज्यांनी असे महिने काढलेत त्यांनी सांगा, त्या काळात कशाचा खरा उपयोग झाला?

वाटसरू५१ | ६ सप्टेंबर, रात्री ११:४८

जा. बोलावणं आलंय ना? मग जा.

चिंगी_मुलुंड | ७ सप्टेंबर, सकाळी ८:०५

+१. आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. पण चिवडा नको, शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं असतात.

डॉ_खोकला | ७ सप्टेंबर, सकाळी ९:३०

ओहायोत बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

ओसरीताई, तुम्ही जे दोन मुलांत पाहिलंत ते मोजलेलं आहे. २०२० साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात ५८४ कृष्णवर्णीय मुलांचा अभ्यास आला. निदान झालं तेव्हा मुलाचं सरासरी वय ६५ महिने, म्हणजे सव्वापाच वर्षांच्या पुढे. आणि ते आईवडिलांना पहिली शंका आल्यानंतर सरासरी ४२ महिन्यांनी! म्हणजे शंका वेळेवर आली होती, ऐकणारा वेळेवर भेटला नाही. १४ टक्के पालकांनी सांगितलं की निदान होईतो सहा किंवा त्याहून जास्त तज्ज्ञांचे उंबरे झिजवले. त्याआधी फिलाडेल्फियात मेडिकेडवरच्या (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा) मुलांचा अभ्यास झाला होता (२००२). गोऱ्या मुलांचं निदान ६.३ वर्षांना, कृष्णवर्णीय मुलांचं ७.९ वर्षांना. त्याच गटाच्या पुढच्या कामात दिसलं की ज्यांचं निदान शेवटी ऑटिझमच निघालं त्यांतही कृष्णवर्णीय मुलांना आधी ऑटिझमऐवजी वर्तनदोषाचा शिक्का जास्त बसला होता. मिशेलबाईंच्या हातात पडलेलं ते माहितीपत्रक त्याच माळेतलं.

आता गंमत बघा. सीडीसीच्या (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) २०२३च्या अहवालात पहिल्यांदाच कृष्णवर्णीय मुलांमधलं ऑटिझमचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त निघालं. २०२५च्या अहवालात आठ वर्षांच्या हजार मुलांमागे ३६.६, गोऱ्यांत २७.७. याचा अर्थ रोग वाढला असा घेऊ नका. जी मुलं आधी मोजणीतच येत नव्हती ती आता येताहेत. पण आली म्हणजे वेळेवर आली असं नाही.

कामाची गोष्ट. तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी निदानाची वाट बघावी लागत नाही. प्रत्येक राज्यात अर्ली इंटरव्हेन्शन (लहानग्यांना लवकर मदत देणारी सरकारी सेवा) असतं, आई स्वतः फोन करून नाव देऊ शकते, आणि ४५ दिवसांत तपासून योजना ठरवायचं बंधन आहे. तुमच्या जॉर्जियात त्याचं नाव ‘बेबीज कान्ट वेट’, म्हणजे ‘बाळं थांबू शकत नाहीत’. तीन पूर्ण झाली की जबाबदारी शाळेच्या जिल्ह्याची (म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेची), मूल शाळेत जात नसलं तरी. जे चार वर्षांचा आहे, म्हणजे शाळेचं दार आजही उघडं आहे. अकरा महिने थांबायची गरज नाही.

सदू_नागपूर | ७ सप्टेंबर, सकाळी १०:०२

‘बेबीज कान्ट वेट’ नाव ठेवून लोकायले थांबवून ठेवते का हे! आमच्या इकडे ‘तातडीचे काम’ असा शिक्का असलेली फाईल चार वर्षं पडून हाय, त्याची आठवण आली बाप्पा.

सडेतोड | ७ सप्टेंबर, दुपारी १:१५

नाण्याची दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी. रांग सगळ्यांनाच आहे. आमच्या भाच्याला ह्यूस्टनमध्ये नऊ महिने लागले, तो काही काळा नाही. प्रत्येक गोष्टीत वंशवाद शोधायची फॅशन झाली आहे. त्या समाजात घरात वडील नसतात, मुलांकडे लक्ष दिलं जात नाही, मग डॉक्टरने शिस्तीचं माहितीपत्रक दिलं तर त्यात चुकलं काय? आपली माणसं पाठपुरावा करतात म्हणून त्यांना लवकर मिळतं.

निळी_छत्री | ७ सप्टेंबर, दुपारी १:३१

ती बाई दीड वर्षापासून तीनदा गेली. पाठपुरावा अजून कसा असतो? डॉक्टरच्या दारात पथारी पसरून?

डॉ_खोकला | ७ सप्टेंबर, दुपारी २:१०

सडेतोड, ‘लक्ष दिलं जात नाही’ याला जुना इतिहास आहे, म्हणून उत्तर देतो. १९४३ साली लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने ऑटिझमचं वर्णन केलं, अकरा मुलांचं, सगळी गोरी. बहुतेकांचे आईबाप उच्चशिक्षित. पुढे काही दशकं वैद्यकात समजूत होती की आई थंड, बुद्धिजीवी असली की मूल असं होतं. ‘रेफ्रिजरेटर मदर’. त्या काळात गोऱ्या आईला दोष लागायचा आणि कृष्णवर्णीय आईला तोही नशिबी नव्हता. तुम्ही तेवढ्या शिकलेल्या नाही, तेव्हा तुमच्या मुलाला हा आजार नसणार, म्हणून ‘भावनिक बिघाड’ लिहून मोकळे. दोष देण्याची कारणं बदलत गेली, दोष आईकडेच राहिला.

सडेतोड | ७ सप्टेंबर, दुपारी २:४४

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

वाटसरू५१ | ७ सप्टेंबर, दुपारी २:५०

अरेरे, मी नुकतंच दाणे-फुटाणे घेऊन बसलो होतो.

निळी_छत्री | ७ सप्टेंबर, रात्री ९:४०

ओसरी, मी पुण्याची. मुलगी आता तेरा वर्षांची आहे. आमची रांग वेगळी होती, तारखेची नव्हती, घरातल्यांची होती. ‘तिचा बाबा पण चार वर्षांचा होईतो बोलला नव्हता’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की कधीतरी त्यावर ठेका धरेन. सासूबाई वाईट नव्हत्या हो. त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्यात दोन वर्षं गेली.

उपयोग कशाचा झाला विचाराल तर एका बाईचा. थेरपी सेंटरच्या बाहेर चपला काढायच्या जागेवर भेटली. तिचा मुलगा माझ्या मुलीपेक्षा पाच वर्षांनी मोठा. तिने मला ऑटिझम म्हणजे काय ते सांगितलं नाही, ते नेटवर होतं. तिने सांगितलं की लग्नकार्यात मुलीला कुठल्या खोलीत न्यायचं ते आधी जाऊन बघून ठेव, आणि वाजंत्री सुरू व्हायच्या वेळी अक्षता टाकायला तू नसलीस तरी लग्न लागतं. एवढंच. मी रिक्षात बसून रडले.

तिथे जा. पण बोलायला जाऊ नकोस.

अनामिक_कोकणी | ८ सप्टेंबर, सकाळी ७:२०

अवांतर: आपल्याकडे ‘स्वमग्न’ म्हणतात ना? वाचकांना ऑटिझम कळेल का?

मीच_तो | ८ सप्टेंबर, सकाळी ७:५५

मला ३४व्या वर्षी निदान झालं. ‘स्वमग्न’ शब्द मला आवडत नाही. मी स्वतःत मग्न वगैरे नसतो, मला खोलीतल्या पंख्याचा, ट्यूबलाइटचा आणि तुमच्या पेनाच्या टिकटिकीचा आवाज एकाच वेळी ऐकू येत असतो. उलट स्वतःत मग्न व्हायला मिळालं तर बरं. पण बाकीच्यांनी वापरला तर भांडणार नाही, थकलोय.

अनामिक_कोकणी | ८ सप्टेंबर, सकाळी ८:०१

समजलं. धन्यवाद, आणि पेन खाली ठेवलं.

भीमथडी | ८ सप्टेंबर, रात्री १०:१५

मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. इथे अमेरिकेचं चाललंय तरी राहवत नाही म्हणून लिहितो.

आमच्या वस्तीतला एक पोरगा मागच्या बाकावर चार वर्षं बसून होता. ‘मंद आहे’ एवढंच सगळे म्हणायचे. त्याला सगळ्या एसट्यांच्या वेळा तोंडपाठ होत्या. वरच्या आळीतल्या एका मुलाचं असंच होतं, त्याला मात्र ‘थोडा वेगळा आहे, हुशार आहे’ म्हणत आणि आईवडिलांनी त्याला शहरात नेऊन दाखवलं. दोघांची लक्षणं मला तरी एकच दिसत होती. आता २०१६च्या अपंग हक्क कायद्यात ऑटिझम स्वतंत्रपणे आहे, यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र) मिळतं, विशेष शिक्षक फिरतीवर येतात. त्या पोराचं कार्ड काढायला मी आणि त्याची आजी तीन वेळा जिल्ह्याला गेलो. तिसऱ्या वेळी आजीने काउंटरवरच्या माणसाला विचारलं, साहेब, तुमच्या पोराला असतं तर तुम्ही किती चकरा मारल्या असत्या? त्या दिवशी काम झालं. नेहमी होत नाही.

म्हणून ताई, कोणाच्या मुलाला कोणता शब्द चिकटवायचा हे आधी त्याचं घर बघून ठरतं, हे मला तरी नवीन नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, आणि आमच्या दलित पँथरने १९७२ साली नाव तिकडच्या ‘ब्लॅक पँथर’वरूनच घेतलं. तेव्हा ‘तिथे माझं काय काम’ असं आम्ही तरी म्हणू शकत नाही.

निळी_छत्री | ८ सप्टेंबर, रात्री १०:४०

एसटीच्या वेळा! माझी मुलगी पीएमटीचे मार्ग क्रमांक सांगते. दोघांची भेट घडवायला हवी.

खाडीपलीकडे | ९ सप्टेंबर, सकाळी ६:१२

कॅलिफोर्नियात शाळांमध्ये मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. भीमथडींच्या ‘मंद’वरून आठवलं. आमच्या राज्यात १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या कृष्णवर्णीय पालकांनी खटला भरला, लॅरी पी. नावाने ओळखला जातो. बुद्ध्यंक चाचणीच्या जोरावर त्यांची मुलं भसाभस मतिमंदांच्या वर्गात टाकली जात होती. १९७९ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. म्हणून एखादी आजी ‘माझ्या नातवाची चाचणी नको’ म्हणते तेव्हा मी तिला अडाणी समजत नाही. तिच्या पिढीने चाचणीचा उपयोग काय झाला ते पाहिलंय.

ओसरी, काही व्यवहाराच्या गोष्टी. शाळेच्या जिल्ह्याला तोंडी विचारायचं नाही. पत्र किंवा ईमेल, तारीख घालून, ‘माझ्या मुलाचं विशेष शिक्षणासाठी मूल्यमापन करावं अशी लेखी विनंती’. पालकाने संमतीपत्रावर सही केली की साधारण ६० दिवसांचं घड्याळ सुरू होतं. शाळेचा निष्कर्ष आणि डॉक्टरचं निदान या दोन वेगळ्या गोष्टी. शाळेने ऑटिझम मान्य केला तरी विम्याला डॉक्टरचाच कागद लागतो, म्हणून दवाखान्याची तारीख सोडायची नाही. शाळेचं मूल्यमापन पटलं नाही तर शाळेच्या खर्चाने बाहेरच्या तज्ज्ञाकडून करून मागता येतं, हे कुणी आपणहून सांगत नाही.

पिंपळपान | ९ सप्टेंबर, सकाळी ११:००

वाचनखूण साठवली. अवांतर: ‘कृष्णवर्णीय’ शब्द फार पुस्तकी वाटतो. ‘काळे’ म्हटलं तर चालतं का?

भीमथडी | ९ सप्टेंबर, सकाळी ११:२०

ते स्वतःला ब्लॅक म्हणतात, अभिमानाने. आपल्याकडे ‘काळा’ म्हणताना तोंडाचा आकार कसा होतो ते आरशात बघा आणि ठरवा.

ओसरी | १४ सप्टेंबर, रात्री १२:३५

जाऊन आले. लांब लिहिणार आहे, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी सरळ खाली जा.

हॉलमध्ये पोचले तर एका आजींनी वर-खाली बघून विचारलं, तू मिशेलची फॉर्मवाली का? हो म्हटलं. ‘मग आधी खुर्च्या लाव.’ घडीच्या खुर्च्या, भिंतीला रचलेल्या. अर्धा तास खुर्च्या लावल्या. त्या मिस लोरेन (हेही नाव बदललंय, पण इकडे वडीलधाऱ्या बाईंना नावामागे मिस लावूनच हाक मारतात, अगदी आपल्या ‘बाई’सारखं). नातू सोळा वर्षांचा, निदान आठव्या वर्षी झालं. गट त्यांनीच सुरू केला, अजून नाव नाही. डेट्रॉइटच्या कॅमिल प्रॉक्टर यांची ‘कलर ऑफ ऑटिझम’ ही संस्था पालकांना प्रशिक्षण देते, ते काहींनी ऑनलाइन केलेलं होतं.

निळी_छत्री, तू सांगितलं होतंस बोलू नकोस. मी बोलले. एक तरुण मुलगी सांगत होती की डॉक्टर तिला परत परत ‘थांबून बघू’ म्हणतात. मी म्हटलं, ठाम राहायचं, आवाज चढवावा लागला तरी चालेल, मी नाही ऐकणार म्हणून सांगायचं. एकदम शांतता पसरली. मिस लोरेन म्हणाल्या, ‘बेबी, तू आवाज चढवलास तर तू काळजी करणारी आई. हिने चढवला तर ते सिक्युरिटीला बोलावतात, आणि फाईलवर काय लिहितात ते आयुष्यभर पुसता येत नाही.’ रागाने नाही बोलल्या. पुढच्या माणसाकडे वळल्या.

मग कळलं त्या काय करतात. कुणाचीही भेट असली की दोघी जातात. आई बोलते, दुसरी काहीच बोलत नाही, फक्त वही काढून लिहीत बसते. मिस लोरेन म्हणतात, कुणी लिहून घेतंय दिसलं की डॉक्टर वाक्य पूर्ण करतात. मुलाचे घरातले अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ फोनमध्ये एका जागी ठेवायचे, कारण दवाखान्यात मूल नेमकं शहाण्यासारखं बसतं. आणि दर सोमवारी सकाळी आठ वाजता तपासणी केंद्राला फोन, कुणी तारीख रद्द केली का विचारायला. सोमवारच का? शनिवार-रविवारी मुलं आजारी पडतात, सोमवारी सकाळी रद्द करणारे फोन येतात. त्यांनी हे पाहून पाहून शोधून काढलंय.

फॉर्मचं खरं काम नंतर निघालं. मिशेलला केंद्राकडून जाडजूड प्रश्नावली आली होती, ती ओट्याच्या खणात पडून होती. तिला वाटत होतं तारीख जवळ आली की भरायची. पत्रात बारीक अक्षरात होतं की ठरलेल्या मुदतीत परत आली नाही तर तारीख जाते. मुदतीला चार दिवस उरले होते! रविवारी तिच्या ओट्यावर बसून भरली. ‘मूल खोटं-खोटं खेळतं का?’ या प्रश्नावर ती खूप वेळ थांबली. जे बाटल्यांची झाकणं जमवतो, निळी एका रांगेत, लाल एका. ती म्हणाली, मला वाटायचं तो दुकान-दुकान खेळतोय. मग म्हणाली, मी ‘हो’ लिहू का? मी म्हटलं, झाकणांचं आहे तसं लिही. तिने समासात लिहिलं, चार ओळी.

चिंगी_मुलुंड | १४ सप्टेंबर, सकाळी ७:१५

झाकणांवरून डोळ्यांत पाणी आलं बाई.

डॉ_खोकला | १४ सप्टेंबर, सकाळी ८:४०

वही घेऊन बसणाऱ्या बाईचं वाचून हसलो आणि मग हसू गेलं. माझ्या केबिनमध्ये अशी वही उघडली की मीही सावरून बसतो. म्हणजे एरवी सावरून बसत नाही, असाच अर्थ होतो ना त्याचा?

निळी_छत्री | १४ सप्टेंबर, सकाळी ९:१०

>> मी बोलले.

माहीत होतं.

मीच_तो | १४ सप्टेंबर, दुपारी १२:२२

एक सांगू का. सगळे ‘निदान लवकर’ म्हणताय ते बरोबर आहे, पण निदान झाल्यावर आठवड्याला तीस-चाळीस तास एबीए (सराव करून घेऊन वागणं बदलायची थेरपी) लावून मुलाला टेबलाशी बसवतात, नजर दे म्हणून. आम्हा मोठ्या झालेल्यांपैकी बऱ्याच जणांना त्याचा त्रास झालाय. झाकणं लावू द्या त्याला.

खाडीपलीकडे | १४ सप्टेंबर, दुपारी १:०५

मान्य आहे आणि नाहीही. चांगली थेरपी आणि वाईट थेरपी असते. पण यावर वेगळा धागा काढू, इथे दोनशे प्रतिसाद पडतील.

वाटसरू५१ | १४ सप्टेंबर, दुपारी १:१०

दाणे शिल्लक आहेत.

ओसरी | २८ सप्टेंबर, रात्री ११:५०

तिसरा शनिवार झाला. या वेळी गटात एक वडील होते, सहा फुटी, गोदामात काम करतात. मुलगा सात वर्षांचा, बापावर गेलाय, वयापेक्षा मोठा दिसतो. ते म्हणाले, मला निदान हवंही आहे आणि नकोही. हवंय, कारण शाळा त्याला रोज घरी पाठवते. नकोय, कारण उद्या तो अठराचा होईल, रस्त्यात हात हलवत, स्वतःशी बोलत जाईल, पोलीस थांब म्हणतील आणि तो थांबणार नाही. त्या वेळी कागद खिशात असून काय उपयोग?

कुणीतरी २०१६ची उत्तर मायामीची घटना काढली. चार्ल्स किन्सी हा कृष्णवर्णीय काळजीवाहक आपल्या ऑटिस्टिक रुग्णाशेजारी रस्त्यावर उताणा, हात वर करून पडला होता. ओरडून सांगत होता की याच्या हातात खेळण्यातला ट्रक आहे. तरी गोळी त्यालाच लागली, पायाला. नंतर पोलिसाकडून सांगण्यात आलं की नेम रुग्णावर होता. हॉलमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं. मला नव्हतं. माझ्या मुलाच्या बाबतीत मी शाळा, स्पीच, जेवण, झोप, सगळ्याची काळजी केली. ही एक केली नव्हती.

मिस लोरेननी धीर वगैरे काही दिला नाही. त्यांच्या भागातल्या पोलीस चौकीत नातवाला घेऊन जाऊन ओळख करून दिली, दर सहा महिन्यांनी पुन्हा जातात कारण माणसं बदलतात, एवढं सांगितलं. ते वडील म्हणाले, पुढच्या वेळी मी येऊ का बरोबर?

सडेतोड | २९ सप्टेंबर, सकाळी ६:३०

मी वरचा माझा प्रतिसाद काढला होता. वाचतोय. भाच्याच्या वडिलांना हे शेवटचं वाचून दाखवलं. ते म्हणाले आपला गव्हाळ रंगसुद्धा रात्रीच्या अंधारात काही कामाचा नाही. बाकी माझं मत रांगेबद्दल तेच आहे, पण माहितीपत्रकाबद्दल नाही.

भीमथडी | २९ सप्टेंबर, सकाळी ७:०४

एवढं पुष्कळ झालं.

चिंगी_मुलुंड | २९ सप्टेंबर, सकाळी ९:००

ओसरी, जेचे केस कोण कापतं? सहज विचारते. माझा भाचा मशीन लावलं की घर डोक्यावर घेतो.

ओसरी | २९ सप्टेंबर, रात्री १०:३०

अगं, अगदी नेमकं विचारलंस. गटात सगळ्यात जास्त वेळ यावरच जातो! इथे केशकर्तनालय म्हणजे मुलग्यांची अर्धी शाळा. बापाबरोबर शनिवारी खुर्चीत बसणं, मोठ्यांच्या गप्पा ऐकणं. जे दाराशीच कान दाबून खाली बसतो. मिशेलला त्याचं निदान नाही याच्याइतकंच त्याचे केस वाढलेले लोकांना दिसतात याचं वाईट वाटतं. आमच्याकडे नवरा मुलाचे केस झोपेत कात्रीने कापायचा, एक बाजू आज, एक बाजू उद्या. मधल्या दिवशी शाळेचा फोटो निघाला. तो फोटो अजून आमच्या घरी हॉलमध्ये टांगलाय.

मिस लोरेनच्या ओळखीचा एक न्हावी सोमवारी, दुकान बंद असताना, या मुलांसाठी शटर अर्धं उघडतो. पहिल्या सोमवारी फक्त खुर्ची गोल फिरवायची. दुसऱ्या सोमवारी बंद मशीन मुलाच्या हातात. तिसऱ्या सोमवारी चालू मशीन, पण न्हाव्याच्या स्वतःच्या दाढीवर. जेचे दोन सोमवार झालेत. सकाळी आठला केंद्राला फोन, मग दहाला न्हावी.

सदू_नागपूर | ३० सप्टेंबर, सकाळी ८:१०

ह्या न्हाव्याले पद्मश्री द्या राजेहो. आमच्या न्हाव्याचं मशीन चालू करायच्या आधीच लाईट जाते, पोरगं खूश.

ओसरी | ११ नोव्हेंबर, रात्री ९:१५

धागा वर काढतेय, क्षमस्व.

शाळेच्या जिल्ह्याला लेखी पत्र गेलं (खाडीपलीकडे, तुझा मसुदा जसाच्या तसा), संमतीवर सही झाली, दिवस मोजतोय. दवाखान्याची तारीख अजून तीच. नऊ सोमवार फोन केले, दोनदा जागा रिकामी झाली होती, दोन्ही वेळा आमच्या आधी कुणीतरी घेतली. मिशेल म्हणाली, घेऊ दे, तेही कुणाचं तरी पोरच आहे. मी इतकी मोठ्या मनाची नाही, मला राग आला.

काल वही घेऊन मी गेले होते. मिशेलबरोबर नाही, त्या तरुण मुलीबरोबर, आमच्याच दवाखान्यात. मला बघून डॉक्टरबाईंनी ओळखीचं हसू दिलं आणि माझ्या मुलाची चौकशी केली, तिच्या मुलाची करायच्या आधी. मी वही उघडली आणि तारीख टाकली. पत्र मिळालं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘तू होतीस म्हणून.’ मला आवडलं नाही ते वाक्य, पण खोटंही म्हणता येईना. पुढच्या वेळी मिस लोरेनना न्यायचं ठरलंय, दोघींनाही बघायचंय काय होतं.

जेचे केस कापून झाले. सहावा सोमवार.

निळी_छत्री | ११ नोव्हेंबर, रात्री ९:२२

फोटो टाकू नकोस, पण कसा दिसतो सांग.

ओसरी | ११ नोव्हेंबर, रात्री ९:३०

कानामागे एक झुपका राहिलाय. तिथे तो हात लावू देत नाही. न्हावी म्हणाला, ते सातव्या सोमवारी.